ठीक माणसांचं रक्त

गोंदियाच्या त्या दवाखान्यात मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, हजेरी घेणारा कारकून. बाकी सगळ्या गावासाठी मी 'खूनवाला बाबू'. बाजारात वांगी निवडत असलो तरी मागून कुणीतरी म्हणायचं, "देखो, खूनवाला बाबू," आणि नवखी माणसं दोन पावलं मागे सरकायची. माझे सासरे पहिल्यांदा स्थळ बघायला आले तेव्हा टांगेवाल्याने त्यांना माझी हीच ओळख सांगितली. ते अमरावतीकडचे, हिंदी बेताचं. बिचारे तसेच परतीच्या गाडीला निघाले होते.

काम सांगायला सोपं आहे. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब बारीक काचेच्या नळीत ओढायचा आणि आम्लात सोडायचा. लाल रक्त तपकिरी होतं. शेजारी त्याच रंगाची पक्की काच बसवलेली असते. मग थेंबाथेंबाने पाणी घालत जायचं, दोन्ही रंग एक दिसू लागले की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. शंभर म्हणजे भरपूर रक्त, पन्नास म्हणजे निम्मं. हे सगळं उत्तरेच्या खिडकीत, दिवसाउजेडी, कारण ऊन पडलं की रंग खोटं बोलतो. आता यंत्रं आली, आकडा छापून बाहेर येतो. तरी त्या शेवटच्या थेंबाची आठवण झाली की माझे हात अजून शिवशिवतात. आता जुळणार, आता जुळणार, आणि जुळला. रोज वीस वेळा ही मजा मला फुकट मिळायची.

पण नुसता आकडा मुका असतो. बावन्न आलं, तर बावन्न चांगलं की वाईट? ते सांगायला शेजारी दुसरा आकडा लागतो, धडधाकट माणसाचा. त्याला आम्ही 'नॉर्मल' म्हणायचो. देश स्वतंत्र व्हायला चार-पाच वर्षं असतील, तेव्हा दवाखान्यात नर्सचं शिक्षण सुरू झालं आणि हे नॉर्मलचे आकडे शिकवायचं काम डॉक्टरसाहेबांनी माझ्यावर टाकलं. समोर सहा मुली, पांढरी लुगडी नेसलेल्या. पाढे म्हणावेत तशा म्हणायच्या: पांढऱ्या पेशी पाच ते दहा हजार, उपाशीपोटी रक्तातली साखर ऐंशी ते एकशेवीस, लघवीत साखर निल, अल्ब्युमिन निल. 'निल' मुलींना फार आवडे, कारण पाठ करायला सोपं.

याच निलवरून एका राईस मिलच्या शेटजींनी माझ्याशी भांडण केलं होतं. लघवी तपासायला आले, कागदावरचं नॉर्मल वाचलं आणि लाल झाले. "शक्कर निल? अरे बाबू, हमारे घर में किस चीज़ की कमी है?" मी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी उकळली. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा आणि शेवटी विटेसारखा लाल. भरपूर साखर. शेटजी खूश होऊन घरी निघाले. त्यांना परत आणून, बसवून, ही खूश व्हायची गोष्ट नाही हे समजावता समजावता माझा अर्धा दिवस गेला. तेव्हा मी त्यांना खूप हसलो होतो. पुढे माझी त्यांच्यापेक्षा मोठी फजिती होणार होती.

झालं असं. पुस्तकात लिहिलं होतं, बायकांचं रक्त ऐंशीच्या वर हवं आणि पुरुषांचं नव्वदच्या. आमच्या नळीत ऐंशी कधी दिसतच नव्हतं. पंचावन्न, साठ, अठ्ठेचाळीस, रोज तेच. महिनाभर मला वाटलं, आम्ल बिघडलं. नवं आम्ल आणलं, तरी आकडे जागचे हलले नाहीत. मग मला वाटलं, पुस्तकच बिघडलं आहे. ते दिवसच तसे होते. गावात प्रभातफेऱ्या निघायच्या, माझ्या अंगावर खादीचा सदरा होता. पुस्तक साहेबाचं, त्यातली माणसंही साहेबाच्या मुलखातली, लोणी आणि अंडी खाणारी. त्यांचं माप आमच्या माणसाला कशाला लावायचं? आपल्या लोकांचं नॉर्मल आपण काढू. या कल्पनेने मी इतका पेटलो की दोन दिवस जेवणाकडे लक्ष नव्हतं.

डॉक्टरसाहेब कमी बोलणारे. म्हणाले, "काढा. पण आजाऱ्यांचं रक्त घेऊ नका. धडधाकट माणसंच घ्या."

धडधाकट माणसं मला रोज अंगणातच मिळत होती, रोग्यांबरोबर आलेले नातेवाईक. त्यांतला मला सगळ्यांत पक्का आठवतो तो चिचगडचा सुकराम. जंगलातलं गाव, थोडी धानाची शेती, बाकी मोहफुलं आणि डिंक. तापाने फणफणलेल्या मुलीला, फुलाला, त्याने बैलगाडीतून आमगावपर्यंत आणलं, तिथून रेल्वेने गोंदियाला आणि स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत पाठीवर. वय पन्नाशीकडचं. मी त्याच्याकडे सुई घेऊन गेलो तर म्हणाला, "ताप तिले हाये. मले कायले टोचता?"

मी म्हटलं, "मला ठीक माणसांचं रक्त हवं आहे. ते मोजून फळ्यावर लिहिणार आहे."

त्याने विचारलं, "म्हंजे मी ठीक हाओ म्हनून घेऊन राहिले?"

"हो, म्हणूनच."

एवढं ऐकल्यावर त्याने स्वतःच बोट पुढे केलं. सूक्ष्मदर्शकातून स्वतःचं रक्त बघून "कोदोच्या दान्यावानी दिसते" म्हणाला आणि त्या यंत्रावरून हात काढेना. त्याचा आकडा आला अठ्ठावन्न. जो माणूस तरण्या पोरीला पाठीवर घालून स्टेशनावरून येतो तो धडधाकट नाही, तर कोण? अशी शंभरेक माणसं मी दोन महिन्यांत जमवली. यादीतलं पहिलं रक्त माझं स्वतःचं होतं, बासष्ट. मग प्रयोगशाळेच्या भिंतीवर काळा फळा लावला आणि पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं: पुरुष ५५ ते ७५, स्त्रिया ४५ ते ६५. डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो फळा दाखवायचो. पुढची दोन वर्षं पंचेचाळीसच्या वर रक्त असलेल्या प्रत्येक बाईपुढे मी एकच शब्द लिहिला, 'ठीक'.

सहा मुलींत मला सगळ्यांत अवघड गेली ती रुखमा. पिढ्यान्‌पिढ्या गावाची तळी बांधणाऱ्या कोहळी घराण्यातली, वीस-एकवीस वर्षांची, लहानपणीच विधवा झालेली. भावाने सासरच्यांशी भांडून तिला शिकायला आणलं होतं. परीक्षेत नापास झाली तर जन्मभर दिराच्या घरी भांडी घासायची, हे तिला माहीत होतं. ती पाठ कमी करायची आणि विचारायची जास्त. "हे निल काऊन?" "हे दहा हजारच काऊन?" माझ्याकडे प्रत्येक काऊनचं उत्तर नव्हतं आणि ते तिला दिसायचं.

परीक्षेला आठ दिवस होते. नागपूरहून परीक्षक यायचे होते. त्या सकाळी सुकराम पुन्हा आला, सोबत फुला. मधल्या काळात तिचं लग्न झालं होतं, सातवा महिना होता. पाय सुजलेले आणि धान कांडताना दम लागतो ही तक्रार. सुकरामने आधी फळ्याकडे बोट केलं. "याच्यात माहं कोनतं?" मी पुरुषांची ओळ दाखवली. त्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि लेकीला म्हणाला, "पाय, हे माहं रगत."

फुलाचं रक्त रुखमाने मोजलं, अठ्ठेचाळीस. मी पुन्हा मोजलं, अठ्ठेचाळीसच. "लिही, ठीक," मी म्हटलं. तिने लिहिलं, 'कमी'.

"फळा दिसत नाही का?"

"दिसते, बाबूजी. पन पुस्तक ऐंशी म्हनते."

"पुस्तक इथलं नाही. फळा इथला आहे. परीक्षेत असं लिहिलंस तर नापास होशील."

ती खाली मान घालून उभी राहिली. मला वाटलं संपलं. पण ती हळूच बोलू लागली. "आमच्या तलावात खुनेचा दगड गाडला रायते, बाबूजी. पावसाळा सरला का पानी त्या खुनेले लागलं पायजे. नाही लागलं तं माहे बाबा तलावाची पार, तो मातीचा बांध, तपासत जात. खेकडे पारीले बिळं करतेत, तिथून पानी जाते. ते बीळ बुजवा लागते. दगड उपटून खाली नाही गाडत कोनी."

मग तिने पुढचं विचारलं. "फळ्यावरचे हे लोक ठीक होते, हे कोनं पायलं?"

"धडधाकट माणसं होती ती. चालत आलेली."

"रोगी गायबी चालत येते," रुखमा म्हणाली.

मी भडकलो. पाच मुलींसमोर एका मुलीने मला असं बोलावं. मी तिला बाहेर काढलं, 'कमी'वर काट मारली आणि माझ्या हाताने 'ठीक' लिहिलं. डॉक्टरसाहेबांनी तो कागद बघितला, सूज उतरायचं औषध दिलं आणि बाळंतपण गावच्या सुईणीकडे करायला हरकत नाही म्हणून सांगितलं. सुकराम लेकीला घेऊन दुपारच्या पॅसेंजरसाठी स्टेशनाकडे गेला.

मी एकटा खिडकीशी बसलो. राग उतरत नव्हता, आणि डोक्यातून ते खेकडेही जात नव्हते. खरं सांगायचं तर ते बीळ कुठलं असणार हे मला माहीत होतं. आमच्या भागात पोटात एक बारीक, आकड्यासारख्या तोंडाचा जंत असतो. तो ओल्या मातीत वाढतो, अनवाणी पायातून आत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि जन्मभर रक्त पितो. चिखलात उभं राहून धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करणाऱ्यांना तो लागला नाही तरच नवल. पायाला खाज सुटते, ती चिखलाची म्हणून आम्ही सोडून देतो. त्याची अंडी मला रोग्यांच्या शौचात रोज दिसायची. पण फळ्यावरच्या माणसांचं शौच मी तपासलंच नव्हतं. कशाला तपासायचं? ती तर ठीक होती.

त्या शंभरांपैकी त्या घटकेला माझ्या हाताशी एकच माणूस होता, मी. माझे वडील आमगावजवळ धानाची शेती करायचे आणि मॅट्रिक होईपर्यंत माझ्या पायात वहाण नव्हती. पुढे मी काय केलं ते सभ्य वाचकांना सांगायला नको. काचपट्टी तयार केली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पहिल्याच फेरीत दिसलं. पातळ कवचाचं अंडं, आत चार घरं. शेजारी आणखी एक, पट्टी सरकवली तर तीन. मी जोरात हसलो, मग एकदम हसू थांबलं. ज्या माणसाच्या रक्ताने तो फळा सुरू झाला तो माणूसच आजारी होता. सुकराम आजारी होता. सगळा फळा आजारी माणसांचा होता, आणि त्याच्या भरवशावर मी एका गरोदर बाईला घरी पाठवलं होतं.

बाहेर ओट्यावर रुखमा बसली होती. मी म्हटलं, "स्टेशन. चल." ती काऊन म्हणाली नाही, हे तिच्या आयुष्यात तेव्हाच.

आम्ही धावलो. मी धापा टाकत मागे, ती पुढे. फलाटावर आमगाववरून डोंगरगडकडे जाणारी गाडी उभी होती आणि एका डब्याच्या खिडकीत फुला बसलेली. मी सुकरामला सांगितलं, उतरा, पोरीला दवाखान्यात ठेवायचं आहे, तिचं रक्त फार कमी आहे.

सुकरामने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "सकाळी तं ठीक होती."

"सकाळी माझं चुकलं."

"अन् आता नाही चुकून राहिले, हे कायवरून?"

सगळा डबा ऐकत होता. खूनवाल्या बाबूची सगळी ऐट त्या फलाटावर उतरवून ठेवायची होती, दुसरा उपाय नव्हता. मी म्हटलं, "सुकरामभाऊ, तुमचं रक्त कमी आहे. माझंही कमी आहे. आपण दोघं ठीक नव्हतोच. माझ्या पोटात जंत आहेत, आत्ता डोळ्यांनी पाहून आलो."

"तुमच्या पोटात? दवाखान्यात रायता ना तुमी?"

"राहतो. तरी आहेत."

गार्डाने शिट्टी दिली. तेव्हा आतून फुला बोलली, इतका वेळ तिला कुणी विचारलंच नव्हतं. "बा, मले खरंच दम लागून राहिला. बसल्या जागी लागते. मी कोनाले सांगू? सारेच म्हनतेत ठीक हाये." एवढं बोलून तिने गाठोडं उचललं आणि रुखमाचा हात धरून खाली उतरली. सुकराम तिच्या मागे उतरला तेव्हा गाडी हलली होती.

डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं, काचपट्टी दाखवली. मला वाटलं नोकरी गेली. त्यांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर मी आहे. त्या फळ्यापुढे मान मी हलवली होती." मग टर्पेंटाईन मागवून त्यांनी स्वतःच्या हाताने फळा पुसला.

फुला दोन महिने आमच्याकडे राहिली. लोहाचं औषध, कलेजीचा रस, पालेभाजी, गूळ. जंतांचं औषध बाळंतपणानंतर द्यायचं ठरलं. दर आठवड्याला रुखमा तिचं रक्त मोजायची आणि आम्ही दोघं श्वास रोखून तो शेवटचा थेंब बघायचो. पन्नास, चोपन्न, साठ, सदुसष्ट. सदुसष्टच्या दिवशी मी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले आणि मेट्रनबाईंची बोलणी खाल्ली. बाळंतपणात फुलाचं रक्त खूप गेलं. डॉक्टरसाहेब घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "दोघी जगल्या. अठ्ठेचाळीसवर असती तर हातची गेली असती."

मी स्वतः औषध घेतलं. तीन महिन्यांत बासष्टचा शहाऐंशी झालो. काय सांगू त्या दिवसांबद्दल. दवाखान्याचा जिना मी दोन दोन पायऱ्यांनी चढू लागलो. गव्हाची पोतीही उचलली असती. मी तीस वर्षं स्वतःला आळशी समजत होतो. वडीलही समजत आणि त्यापायी त्यांनी मला भरपूर बडवलं होतं. तो आळस नव्हताच. आता वाटतं, गावोगाव असे किती 'आळशी' लोक मार खात असतील.

रुखमाला परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला, बायकांचं नॉर्मल किती. ती म्हणाली, ऐंशीच्या वर. परीक्षक म्हणाले, "पण तुमच्या भागात तर पन्नासच सापडतं म्हणे." रुखमा म्हणाली, "सापडते साहेब. ते नार्मल नाही, ते दुखनं हाये." ती पहिली आली. पुढे तिने याच दवाखान्यात मुलींना शिकवलं आणि तिच्या वर्गात काऊन विचारायला बंदी नव्हती.

माझ्या कपाटात मात्र जुनं रजिस्टर राहिलं. दोन वर्षांच्या पानांवर माझ्या सुंदर अक्षरात 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. काहींना आम्ही पोस्टकार्डं टाकली, थोड्या आल्या. बाकीच्या बाळंतीण झाल्या की मेल्या, ते रजिस्टर सांगत नाही. फुलाची गाडी मी गाठली. त्यांच्या गाड्या केव्हाच सुटल्या होत्या. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाटलंच पाहिजे.

सुकराम जंतांचं औषध घेऊन, फुलाला आणि नातीला घेऊन गावी गेला. जाताना रिकाम्या फळ्यापुढे उभा राहिला. "माहं पुसलं काऊन?" मी सांगितलं, तुमचं रक्त वाढलं की पुन्हा लिहू. तो पाठ फिरवून गेला आणि मला वाटलं रागावला.

दिवाळीनंतर, धान कापणी उरकल्यावर, एका सकाळी दवाखान्याच्या अंगणात गर्दी दिसली. सुकराम होता, कडेवर नात. त्याच्यामागे चिचगडची वीस-पंचवीस माणसं, बाया, पोरं, दोन म्हातारे, सगळे अनवाणी, सगळे पायांवर उभे. मी घाबरलो. पटकी आली की काय असंच मनात आलं. धावत जाऊन विचारलं, "सुकरामभाऊ, यांत आजारी कोण आहे?"

"कोनीच नाही," सुकराम म्हणाला. "सारे ठीक हायेत. म्हनून तं आनलो."